"माय हाऊस इज बिगर दॅन यू": इंग्रजी तुलनेतली पुन्हा पुन्हा येणारी चूक कशी शोधायची आणि कशी काढायची

मी इंग्रजी मजकूर तपासून देते. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे निबंध, नोकरीचे अर्ज, संस्थांचे वार्षिक अहवाल, कधी एखाद्या मालाचं माहितीपत्रक. लिहिणारे बदलतात, विषय बदलतात, पण एक चूक दर आठवड्याला समोर येतेच: तुलनेचं वाक्य. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, आणि तरी वाक्य भलतंच काही सांगत असतं. इतक्या वेळा दुरुस्त केल्यामुळे आता माझा तपासण्याचा क्रम ठरून गेला आहे. आधी फुकटातल्या, मिनिटभराच्या तपासण्या, मग डोकं चालवायला लावणाऱ्या. तोच क्रम इथे देते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत ती मोठ्याने वाचावीत म्हणून. डोळ्याला न दिसणारी ही चूक कानाला लगेच खटकते.

लक्षणं

तुमच्या लिखाणात यांच्यासारखं काही आहे का, बघा:

- "माय हाऊस इज बिगर दॅन यू."
- "माय सॅलरी इज हायर दॅन माय ब्रदर."
- "द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे."
- "इट रेन्स मोर इन महाबळेश्वर दॅन पुणे."
- "मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र."
- "अनलाइक मराठी, द व्हर्ब इन इंग्लिश कम्स बिफोर द ऑब्जेक्ट."
- "धिस मेथड इज मोर बेटर." "ही इज सीनियर दॅन मी."

आणखी दोन खुणा आहेत. स्पेलचेकर गप्प बसतो, कारण सुटा सुटा शब्द घेतला तर प्रत्येक बरोबरच असतो. आणि तपासणारा समासात "अनक्लियर" एवढंच लिहून पुढे जातो. तुम्ही तेच वाक्य पाच वेळा वाचता, पण त्यात न कळण्यासारखं काय आहे ते काही सापडत नाही. सापडणार कसं? तुमच्या डोक्यात ते वाक्य मराठीत आहे, आणि मराठीत ते अगदी स्पष्ट आहे.

चूक येते कुठून

हे एकदा नीट समजलं की पुढच्या निम्म्या तपासण्या आपोआप होतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

"माझं घर तुझ्यापेक्षा मोठं आहे." या मराठी वाक्यात काहीही चूक नाही. कुणालाही घराची तुलना माणसाशी केल्यासारखं वाटत नाही. का? "पेक्षा" हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय. ते शब्दाच्या सामान्यरूपाला चिकटतं. "तू"चं सामान्यरूप "तुझ्या". आता "तुझ्या घरापेक्षा" म्हणा आणि "तुझ्यापेक्षा" म्हणा. दोन्हींतलं "तुझ्या" अगदी सारखं. मधला "घरा" गळाला तरी तो कानाला ऐकू आल्यासारखाच वाटतो. "मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे" यातही तेच. "पुण्याच्या" आणि "पुण्यापेक्षा" यांचं मूळ रूप एकच, "पुण्या". मधली "लोकसंख्या" आपण बोलताना गिळतो आणि ऐकणारा ती मनात भरून घेतो.

इंग्रजीच्या "दॅन"ला ही सोय नाही. "यू" वेगळं आणि "योर्स" वेगळं. "यू" लिहिलं की तिथे माणूसच आला, त्याचं घर नाही. आपण मराठीतला गिळलेला शब्द इंग्रजीतही गिळतो आणि वाक्य तिथेच फसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच सवय लावते. तुलनेचं वाक्य इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीत पूर्ण बोलायचं. "तुझ्यापेक्षा" नाही, "तुझ्या घरापेक्षा". "पुण्यापेक्षा" नाही, "पुण्याच्या लोकसंख्येपेक्षा". मराठीत असं बोलणं जड वाटतं, पण इंग्रजी वाक्याला लागणारा प्रत्येक तुकडा त्यात हाती येतो.

पहिली तपासणी: एकेका शब्दाच्या चुका

सगळ्यात स्वस्त काम. मजकुरातल्या प्रत्येक "दॅन", "ॲज", "लाइक", "अनलाइक" आणि "कम्पेअर्ड" खाली पेन्सिलीने रेघ मारा. संगणकावर असाल तर शोधून रंगवा. तुलनेची चूक या शब्दांच्या आसपासच असते, त्यामुळे दहा पानांतली शोधायची जागा दहा-बारा ओळींवर येते.

रेघा मारताना दोन गोष्टी लगेच दुरुस्त करा. "मोर बेटर", "मोर टॉलर" दिसलं तर "मोर" काढा. मराठीत तुलनेसाठी विशेषण बदलत नाही, "मोठा"च राहतो आणि जोर द्यायला आपण "जास्त" लावतो. इंग्रजीत "टॉलर"मध्ये ते "जास्त" आधीच बसलेलं असतं. दुसरं, "सीनियर", "ज्युनियर", "सुपीरियर", "इन्फीरियर" हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आले आहेत. त्यांच्यापुढे "टू" येतो, "दॅन" नाही. "प्रिफर"लाही "टू": "आय प्रिफर टी टू कॉफी."

या चुका छोट्या आहेत, पण आधी काढल्या नाहीत तर नजर त्यांच्यावरच अडकते आणि खरी चूक मागे राहते.

दुसरी तपासणी: "दॅन"च्या दोन्ही बाजूंना बोट ठेवा

शंभरातली बहुतेक वाक्यं इथेच सुटतात. डावं बोट ज्याची तुलना चालली आहे त्यावर, उजवं बोट "दॅन"नंतरच्या शब्दावर. आणि स्वतःला विचारा: या दोन वस्तू एकाच जातीच्या आहेत का? "माय सॅलरी" आणि "माय ब्रदर". एक पगार, एक भाऊ. जुळत नाही.

बोटांनी कळलं नाही तर वाक्य उलटवा. "द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे" हे उलटवलं तर होतं, "पुणे इज स्मॉलर दॅन द पॉप्युलेशन ऑफ मुंबई." शहर हे लोकसंख्येपेक्षा लहान? उलटवल्यावर ज्या वाक्याला अर्थ राहत नाही, ते सुलटही चुकलेलंच असतं.

दुरुस्तीच्या तीन वाटा आहेत.

पहिली, मालकी दाखवा: "माय सॅलरी इज हायर दॅन माय ब्रदर्स." "माय हाऊस इज बिगर दॅन योर्स." लिहिताना "ब्रदर" आणि "एस" यांच्यामधलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह विसरू नका. ते गेलं की वाचणाऱ्याला अनेक भाऊ दिसतात.

दुसरी, "दॅट ऑफ" किंवा "दोझ ऑफ" वापरा: "द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन दॅट ऑफ पुणे." डावीकडचं नाम एकवचनी असेल तर "दॅट", अनेकवचनी असेल तर "दोझ": "द स्ट्रीट्स ऑफ पुणे आर नॅरोअर दॅन दोझ ऑफ चंदीगड." या दोन वाटा एकत्र करू नका. "दॅन दॅट ऑफ माय ब्रदर्स" म्हणजे एकाच मालकीची दोनदा नोंद.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, पण ती कुणाला सहसा सुचत नाही. वाक्यच असं फिरवा की दोन्हीकडे आपोआप एकाच जातीच्या गोष्टी येतील. "मुंबई हॅज अ लार्जर पॉप्युलेशन दॅन पुणे." आता तुलना मुंबई आणि पुणे यांची, दोन शहरांची. किंवा कळसूबाईची उंची १६४६ मीटर आणि साल्हेरची १५६७ मीटर हे सांगायचं असेल, तर "द हाइट ऑफ कळसूबाई इज ग्रेटर दॅन दॅट ऑफ साल्हेर" हे व्याकरणात बसतं, पण "कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर" यात सगळं आलं आणि चूक व्हायला जागाच उरली नाही. नाम कमी केलं की सांधे कमी होतात.

एक सावधगिरी. ही तपासणी शिकल्यावर पहिला आठवडाभर लोक जिथे तिथे "दॅट ऑफ" घालतात. "मुंबई इज बिगर दॅन दॅट ऑफ पुणे" असं वाक्य मी कितीदा तरी वाचलं आहे. इथे डावीकडे शहर आहे, उजवीकडेही शहरच हवं. चूक नसेल तिथे दुरुस्ती करू नका.

परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणाऱ्या आयईएल्ट्सच्या ॲकॅडमिक परीक्षेत लेखनाच्या पहिल्या भागात आलेख किंवा तक्ता देतात आणि त्यावर किमान १५० शब्द लिहायचे असतात. त्यासाठी सुचवलेला वेळ २० मिनिटं. तिथे जवळजवळ प्रत्येक ओळ तुलनेची असते. गेल्या पावसाळ्यात एका नर्सताईंची सराव वही माझ्याकडे होती. एका पानावर नऊ तुलना, त्यातल्या सहा मोडलेल्या, आणि सहाही एकाच ठिकाणी: "द परसेंटेज ऑफ विमेन वॉज हायर दॅन मेन." टक्केवारीची तुलना पुरुषांशी. मी त्यांना नियम सांगितला नाही. पेन्सिल दिली आणि दोन्ही बाजूंना गोल करायला सांगितलं. चौथ्या वाक्यावर त्या स्वतःच थांबल्या, "मेन"च्या आधी बाण काढला आणि वर "दॅट ऑफ" लिहिलं. उरलेली वाक्यं त्यांनी मला न विचारता केली. परीक्षेत शेवटची दोनच मिनिटं उरली असतील तर पहिली आणि दुसरी तपासणी करा, बाकीच्या सोडा.

तिसरी तपासणी: "इन", "ऑन", "बाय" दोन्हीकडे आहेत का

"पुण्यापेक्षा महाबळेश्वरला जास्त पाऊस पडतो." इथे "पेक्षा"ने "पुण्याला"तला "ला" गिळला. इंग्रजीत तो परत हवा: "इट रेन्स मोर इन महाबळेश्वर दॅन इन पुणे." तसंच "मोर पीपल गो टू वर्क बाय लोकल दॅन बाय बस." अहवालातली वर्षंही याच रांगेतली. "सेल्स वेअर हायर इन २०२३ दॅन २०२२" असं लिहू नका, "दॅन इन २०२२" लिहा. एका शब्दाचं काम, पण आकडे असलेल्या वाक्यात याच शब्दामुळे कळतं की २०२२ हे वर्ष आहे, विक्रीचा आकडा नाही.

चौथी तपासणी: वस्तू त्याच गटातली आहे का

दहावीपर्यंत "चेंज द डिग्री" हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवला आहे. "नो अदर", "एनी अदर", "व्हेरी फ्यू" हे साचे पाठ होतात, गुण मिळतात, आणि "अदर" तिथे कशासाठी होता हे कुणी सांगत नाही.

"मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र." मुंबई महाराष्ट्रातच आहे. म्हणजे या वाक्याप्रमाणे मुंबई स्वतःपेक्षाही मोठी. "अदर" हा शब्द मुंबईला गटातून बाजूला काढतो आणि उरलेल्यांशी तिची तुलना करतो: "दॅन एनी अदर सिटी इन महाराष्ट्र." याच कारणाने गट वेगळा असेल तर "अदर" नको. "मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन गोवा" हे बरोबर आहे, कारण मुंबई गोव्यात नाही.

"सर्वांत"च्या वाक्यात नेमकं उलट होतं. "कळसूबाई इज द हायेस्ट ऑफ ऑल द पीक्स इन महाराष्ट्र." इथे कळसूबाई गटात असायलाच हवी, म्हणून "ऑल अदर पीक्स" चुकीचं. एवढं समजलं की तिन्ही साचे पाठ करायची गरज उरत नाही. प्रश्न एकच: मी जिच्याबद्दल बोलते आहे ती वस्तू या घोळक्यात आहे की बाहेर?

पाचवी तपासणी: दोन्ही बाजूंचं रूप

"इट इज ईझियर टू रीड मराठी दॅन रायटिंग इट." एकीकडे "टू रीड", दुसरीकडे "रायटिंग". दोन्हीकडे "टू" घ्या किंवा दोन्हीकडे "इंग" घ्या. आणि "ॲज गुड, इफ नॉट बेटर दॅन" अशी रचना दिसली तर एक "ॲज" हरवला आहे: "ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन." जमत नसेल तर वाक्याचे दोन तुकडे करा, कुणी गुण कापत नाही.

सहावी तपासणी: "लाइक" आणि "अनलाइक"ने सुरू होणारी वाक्यं

इथून काम अवघड होतं, कारण तुलनेच्या दोन वस्तू एकमेकींपासून लांब असतात. "अनलाइक मराठी, द व्हर्ब इन इंग्लिश कम्स बिफोर द ऑब्जेक्ट." मुद्दा खरा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, "मी आंबा खाल्ला", इंग्रजीत ते कर्माच्या आधी येतं. पण वाक्यात मराठीची तुलना झाली आहे क्रियापदाशी.

नियम असा की "अनलाइक"नंतरचं नाम आणि स्वल्पविरामानंतरचा कर्ता, हे दोघे एका जातीचे हवेत. "अनलाइक मराठी, इंग्लिश पुट्स द व्हर्ब बिफोर द ऑब्जेक्ट." भाषा आणि भाषा. मराठीत "मराठीच्या उलट" असं म्हणून आपण पुढे काहीही बोलू शकतो, म्हणून इथे आपला कान मदत करत नाही. स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या दोन-तीन शब्दांवर बोट ठेवल्याशिवाय ही चूक दिसत नाही. जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत असे प्रश्न पूर्वी हमखास असत. २०२४ च्या सुरुवातीपासून वाक्यदुरुस्तीचा तो भाग परीक्षेत नाही, पण जुन्या सराव पुस्तकांतली ती प्रकरणं हाच सराव करायला आजही उत्तम आहेत.

सातवी तपासणी: वाक्याचे दोन अर्थ निघतात का

"आय ट्रस्ट हर मोर दॅन यू." तू तिच्यावर जेवढा विश्वास ठेवतोस त्याहून मी जास्त ठेवते? की तुझ्यावर ठेवते त्याहून तिच्यावर जास्त? व्याकरण दोन्हींना परवानगी देतं. "दॅन यू डू" लिहिलं की पहिला अर्थ पक्का, "दॅन आय ट्रस्ट यू" लिहिलं की दुसरा. ही तपासणी शेवटी ठेवली आहे, कारण हिचं उत्तर वाक्यात नसतं, लिहिणाऱ्याच्या मनात असतं. दुसऱ्याचा मजकूर तपासत असाल तर अंदाज करू नका. फोन करून विचारा.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

काही तुलना व्याकरणाने सुटत नाहीत. त्या मी स्वतः हातात घेत नाही.

पहिली, पटीतली. वर्गात आधी २० मुलं होती आणि आता "थ्री टाइम्स मोर". ६० की ८०? वाचणारे दोन्ही अर्थ घेतात. आकडा तुमचा स्वतःचा असेल तर "थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज" लिहा, म्हणजे ६०. दुसऱ्याचा असेल तर त्याच्याकडून मूळ आकडे मागवा.

दुसरी, टक्क्यांची. दर १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला तर तो ५ टक्के बिंदूंनी वाढला, पण मूळ दराच्या तुलनेत ती वाढ ५० टक्के आहे. शोधनिबंधात, औषधाच्या माहितीत, आर्थिक अहवालात यातलं नेमकं काय म्हणायचं आहे हे संख्याशास्त्राच्या माणसाने किंवा त्या विषयाच्या डॉक्टरांनी ठरवावं. भाषा तपासणाऱ्याने तिथे "दॅन"ची जागाही बदलू नये, कारण एका शब्दाने औषधाची मात्रा बदलू शकते.

तिसरी, करार, निविदा आणि जाहिरात. एका दूधसंस्थेचं इंग्रजी माहितीपत्रक माझ्याकडे आलं होतं. पहिलीच ओळ होती, "अवर मिल्क इज प्युअरर दॅन एनी डेअरी इन द डिस्ट्रिक्ट." यात दुसऱ्या आणि चौथ्या तपासणीतल्या दोन्ही चुका होत्या. मी ती दुरुस्त केली: "दॅन दॅट ऑफ एनी अदर डेअरी." व्याकरण जागेवर बसलं, आणि तेव्हाच लक्षात आलं की आता हा दावा अगदी स्पष्टपणे जिल्ह्यातल्या प्रत्येक डेअरीविरुद्ध उभा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. संस्थेकडे बाकीच्यांच्या दुधाची कुठलीही तपासणी नव्हती. मी पत्रक परत पाठवलं आणि वकिलांना दाखवायला सांगितलं. छापून आलं तेव्हा पहिल्या ओळीत तुलनाच नव्हती. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ तपासलं जातं, एवढंच लिहिलं होतं.